मुख्य मशीनचा नाकेदार

आमच्या धारवाडच्या संस्थेत सतरा संगणक एकमेकांना जोडून ठेवलेले होते, आणि ते सांभाळणारे गृहस्थ त्या सतरांपैकी एकावरही विश्वास ठेवत नसत. माणसांवर त्याहून कमी. संचालकांनी एकदा भर सभेत त्यांचं कौतुक केलं, तर ते सभा संपायची वाट न बघता उठले आणि खोलीत जाऊन सगळी मशिनं मोजून आले. सतराच होती. "मग कौतुक कशासाठी केलं?" असं त्यांनी मला विचारलं. उत्तराची त्यांना खरोखरच गरज होती.

ही दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं. मी तिथे संख्याशास्त्र शिकवत होते. हुबळीच्या केशवापुरातून रोज बसने जायचं, बसने यायचं. सतरा मशिनांची व्यवस्था अशी होती, की एक मशीन कामं वाटून देई, थोडी स्वतःही करी, आणि बाकीची सोळा मशिनं करत. वाटून देणाऱ्याला आम्ही मुख्य मशीन म्हणत असू. कुणाला काही जादा सॉफ्टवेअर पाहिजे असलं तर त्याचं पॅकेज आधी मुख्य मशीनवर बसवायचं, मग तिथून सोळांवर पाठवायचं. "एका ठिकाणी शिरलेलं सतरा ठिकाणी जातं," हे त्यांचं वाक्य मी पन्नास वेळा तरी ऐकलं असेल. त्यामुळे मुख्य मशीनच्या दारात ते बसलेले असत, आणि दार म्हणजे खरोखरच दार. संस्थेच्या कुलपाशेजारी त्यांनी स्वतःचं दुसरं कुलूप लावलं होतं.

ते मूळचे अळणावरचे. वडील लाकडाच्या डेपोत कारकून होते. तोडलेल्या प्रत्येक ओंडक्यावर हातोडीने शिक्का मारतात, त्याचा नंबर वाहतुकीच्या पासावर लिहितात आणि नाक्यावर शिक्का न् पास ताडून बघतात, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. सॉफ्टवेअरच्या प्रत्येक पॅकेजलाही तसाच शिक्का असतो, असं त्यांनीच मला सांगितलं. बत्तीस अक्षरांचा, आकडे आणि इंग्रजी अक्षरं मिसळलेला. पॅकेजमधलं एक अक्षर जरी बदललं तरी शिक्का बदलतो. सीडीसोबत शिक्क्यांची छापील यादी येई. इतर ठिकाणी लोक ती यादी बघून मोकळे होतात. आमचे गृहस्थ ती यादी बाजूला ठेवत.

"माल आणि पास एकाच गाडीतून आले तर पास खोटा समजायचा," ते म्हणत. "अप्पांनी चाळीस वर्षं हेच केलं."

म्हणून ते सुभाष रोडवरच्या एका एसटीडी बूथमधून बेंगळुरूला, ओळखीच्या एका माणसाला फोन करत आणि त्याच्याकडून ती बत्तीस अक्षरं एकेक करून उतरवून घेत. सात, चार, डी, नऊ, नऊ, बी. काचेच्या खोक्यात उभे राहून, मोठ्या आवाजात. बूथवाल्याची पक्की समजूत झाली होती, की हे मटक्याचे आकडे आहेत. एकदा मी त्यांच्यासोबत होते, तेव्हा त्याने पैसे घेताना हळूच विचारलं, "साहेब, आज काय लागलं?"

"अजून तपासायचंय," ते म्हणाले.

बूथवाला माझ्याकडे ज्या नजरेने बघायला लागला, त्यानंतर मी त्या बूथमध्ये कधी पाऊल टाकलं नाही.

तपासायला माणसं दोन लागत. एकाने कागदावरून वाचायचं, दुसऱ्याने पडद्यावर बघायचं. मग जागा बदलून पुन्हा. "वाचणारा आपल्याला पाहिजे तेच वाचतो," हे त्याचं कारण. मी स्वतः आकड्यांत वावरणारी बाई, मला हे पटायचं. पण तिसऱ्यांदा उलट्या क्रमाने वाचा म्हणाले, की माझाही धीर सुटायचा.

शिक्का जुळला तरी पॅकेज मुख्य मशीनवर जात नसे. कोपऱ्यात एक जुना संगणक होता, त्याला कुठलीच वायर जोडलेली नव्हती. त्याचं नाव नाका. प्रत्येक पॅकेज आठ दिवस नाक्यावर बसवून ठेवायचं. मधल्या काळात ते त्या संगणकाची तारीख पुढे करत, मागे करत. महिन्याने, वर्षाने हे पॅकेज काही वेगळं वागतं का, ते बघायला. नवव्या दिवशी रजिस्टरमध्ये नोंद, मागणाऱ्याची सही, आणि मग आत.

मशिनांच्या खोक्यांच्या स्क्रूंवर त्यांनी लाल नेलपॉलिशचे ठिपके दिले होते, कुणी खोकं उघडलं तर कळावं म्हणून. ते नेलपॉलिश आणायला ते बांगड्यांच्या दुकानात गेले, तेव्हा दुकानदाराने विचारलं, "वहिनींना कुठला रंग आवडतो?" ते म्हणाले, "मशीनला कुठलाही चालतो." हा किस्सा त्यांनीच सांगितला, पण हसत नव्हे. त्यांच्या मते दुकानदाराला कशाचा तरी वास लागला होता.

मी नोकरी सांभाळून पीएचडी करत होते. विषय होता पावसाचे आकडे. आमच्या भागातल्या पर्जन्यमापकांच्या बऱ्याच वर्षांच्या रोजच्या नोंदी मी स्वतः टाइप केल्या होत्या. नोंदणीची मुदत महिनाअखेरीस संपत होती. तोवर प्रबंध दिला नाही तर नोंदणी रद्द, म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून. वाढून मिळणारी मुदत मी आधीच घेऊन झाले होते. शेवटचे तक्ते काढायला मला एक पॅकेज पाहिजे होतं. सीडी आली त्या दिवशी माझ्याकडे चौदा दिवस होते. आठ दिवस नाका, एक दिवस बसवायला, तीन दिवस गणित चालायला. बारा. दोन दिवस शिल्लक. मी वहीत मांडून बघितलं आणि अर्ज दिला.

"अक्का, हे कुणाला पाहिजे?" त्यांनी विचारलं.

"मला. अर्जावर माझंच नाव आहे."

"नाव बघितलं री. ह्या पॅकेजच्या मागून अकरा जण येणार आहेत. ह्याला ते पाहिजे, त्याला अजून एक पाहिजे. ते अकरा कोण, कुठले, तुम्हाला ठाऊक आहे काय?"

"मला कसं ठाऊक असणार?"

"मग तुम्ही एक पाहुणा बोलावला नाही. बारा बोलावले."

बाराही पॅकेजं त्यांनी नाक्यावर बसवली आणि त्यांचे शिक्के बेंगळुरूहून मागवले. पाच दिवसांत अकरांचे जुळले. बारावं पॅकेज गणिती लायब्ररीचं होतं, म्हणजे बेरजा-भागाकारासारखी मूळ कामं करणारा भाग. त्याचा शिक्का जुळेना. आम्ही सरळ वाचला, उलटा वाचला. नाही जुळला. त्यांनी नवी सीडी मागवायला सांगितली आणि नाक्यावरचे पाच दिवस रद्द केले.

"ते एकच वगळून बाकीची ठेवा ना," मी म्हटलं.

"तडीरी," ते म्हणाले. थांबा. कन्नडमधला हा एक शब्द संस्थेत त्यांच्या नावासारखाच झाला होता. "एक ओंडका चोरीचा निघाला तर गाडी सोडायची काय?"

त्या दिवशी मला पहिल्यांदा त्यांचा संशय आला. पदार्थविज्ञानाच्या एका प्राध्यापकांचं पॅकेज त्यांनी नवव्या दिवशी बसवून दिलं होतं, हे मला ठाऊक होतं. माझंच कसं अडतं? ते प्राध्यापक त्यांच्या खोलीत बसून चहा पितात, हे मी पाहिलं होतं. आता मी किती वेळा पितात तेही बघू लागले. आठवड्यातून तीनदा. मी हे घरी सांगितलं, तेव्हा आमचे हे म्हणाले, "तूही त्यांच्यासारखीच मोजायला लागलीस." मला राग आला.

सहाव्या दिवशी ते वडिलांच्या श्राद्धाला अळणावरला गेले, दोन दिवसांसाठी. मी विभागप्रमुखांकडे गेले. मुख्य मशीनचा पासवर्ड या गृहस्थांकडे असे, आणि अडीअडचणीसाठी एका चिठ्ठीवर लिहून, लाखेचं सील केलेल्या पाकिटात विभागप्रमुखांच्या कपाटात असे. विभागप्रमुख हसतमुख माणूस. कुणालाच नाही म्हणत नसत.

"अहो मॅडम, त्यात काय? ह्याच कामासाठी पाकीट आहे की," ते म्हणाले. त्यांनी हुबळीहून मशिनं पुरवणाऱ्या कंपनीचा इंजिनियर बोलावून घेतला. पाकीट माझ्या हातात दिलं. "तुम्हीच फोडा. काम तुमचं आहे."

मी फोडलं.

बुधवार होता, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. इंजिनियरने विभागप्रमुखांच्या खोलीतला संगणक टेलिफोनवरून मुख्य मशीनला जोडला, म्हणजे कुलपांचा प्रश्नच नव्हता, आणि पॅकेज चढवायला घेतलं. लायब्ररीपाशी येऊन मशीन अडलं, त्याने पडद्यावर काहीतरी सूचना दिली. इंजिनियरने तपासणी न करता बसव असा हुकूम देऊन पुढे रेटलं. अर्ध्या तासात काम संपलं. विभागप्रमुखांनी चिठ्ठी नव्या पाकिटात घालून नवी लाख लावली. "आपण काही चुकीचं केलेलं नाही," ते म्हणाले. मी हो म्हटलं.

शुक्रवारी ते परत आले. मुख्य मशीन आपली नोंद आपणच ठेवतं, काय बसवलं, किती वाजता बसवलं. अकरा वाजेपर्यंत त्यांना सगळं कळलं होतं, फक्त कोण हे सोडून. मग ते एकेका खोलीत जाऊन विचारू लागले. आवाज न चढवता. माझ्याकडेही आले.

"अक्का, परवा बुधवारी तीन वाजता तुम्ही कुठं होता?"

"इथंच. खोलीत."

त्यांनी माझ्या टेबलाकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "बरं," म्हणाले आणि गेले. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला असं मला वाटलं नाही. पण ते कुणावरच ठेवत नसत, तेव्हा त्यातून काही ठरत नव्हतं.

माझं गणित दोन दिवस आधीच, म्हणजे बुधवारीच, सुरू झालं होतं. शनिवारी तक्ते हातात आले. मला एक सवय आहे, कुठलंही गणित दोनदा करायची. एक छोटा भाग मी पुन्हा चालवला. उत्तर तिसऱ्या दशांशस्थळी वेगळं आलं. मी पुन्हा चालवला. तिसरंच उत्तर आलं. एकच आकडे, एकच सूत्र, तीन उत्तरं. बरंच नंतर कारण कळलं. इंजिनियरने ती लायब्ररी मुख्य मशीनवर बसवली होती, सोळांवर गेलीच नव्हती. तिथे जुनीच होती. कामाचा कुठला तुकडा कुणाच्या वाट्याला येतो त्यावर उत्तर ठरत होतं. पण त्या शनिवारी मला एवढंच कळत होतं, की माझ्या तक्त्यांवर भरवसा ठेवता येत नाही.

परीक्षक तिसऱ्या दशांशापर्यंत जात नाहीत, हेही मला ठाऊक होतं. प्रबंध टाइप झालेला होता. फक्त तक्ते घालायचे आणि बांधायला द्यायचा. पाच दिवस उरले होते.

सोमवारी पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांनी लेखी तक्रार केली. त्यांचेही आकडे हलत होते. संचालकांनी तीन जणांची समिती नेमली. आमच्या गृहस्थांची नेमणूक वर्षावर्षाच्या कराराची, आणि करार त्याच महिन्याअखेर संपत होता. विभागप्रमुखांनी समितीपुढे सांगितलं, की पासवर्ड ह्यांच्याकडे असतो, पाकीट कपाटात सीलबंद आहे, आणि अळणावरला बसूनही टेलिफोनवरून मशीनमध्ये शिरता येतं. तिन्ही वाक्यं सुटी सुटी खरी होती.

पाकीट टेबलावर ठेवलं गेलं. आमच्या गृहस्थांनी ते उचलून उजेडात धरलं. "ही लाख माझी नव्हे," म्हणाले.

समितीतले एक जण हसले. "लाख म्हणजे लाख. त्यात तुमची काय न् आमची काय?"

"माझी काळपट होती. अळणावरहून आणलेली."

"म्हणजे तुमचा साहेबांवर संशय आहे?"

"माझा सगळ्यांवरच असतो री," ते म्हणाले. जन्मभराचं खरं बोलून त्यांनी स्वतःचं तिथं नुकसान करून घेतलं. दोघा सभासदांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

हे मी ऐकलं, कारण मी दाराशी बसले होते. त्या आठवड्यात ज्यांची कामं मशीनवर चालू होती त्या सगळ्यांना बोलावलं होतं, आणि माझा नंबर पुढचा होता. बसमधून येताना मी हिशोब केला होता. गप्प राहिले तर प्रबंध वेळेत सादर होतो आणि हा माणूस घरी जातो. बोलले तर माझे तक्ते खोटे असल्याचं मीच लिहून दिल्यासारखं होतं, आणि उरलेल्या दोन-तीन दिवसांत नवे होणं अशक्य. दोन्ही बाजूंना एकेकच रकाना होता. तरी मी तो हिशोब केशवापूरपासून धारवाडपर्यंत तीन वेळा मांडला.

आत गेल्यावर त्यांनी विचारलं, "मॅडम, तुम्हाला ह्यांच्या कामाबद्दल काही सांगायचंय?"

"त्यांच्याबद्दल नाही. माझ्याबद्दल," मी म्हटलं. "बुधवारी तीन वाजून दहा मिनिटांनी पाकीट मी फोडलं."

विभागप्रमुख म्हणाले, "मॅडम, जरा विचार करून बोला."

"केलाय, सर."

मग मी क्रमाने सांगितलं. कोण होतं, काय बसवलं, मशीन कुठे अडलं, ते कसं पुढे रेटलं. लिहून दिलं, सही केली. विभागप्रमुखांनी त्यानंतर निवृत्त होईपर्यंत माझ्याशी कामापुरतंसुद्धा हसून बोलणं केलं नाही.

बाहेर आमचे गृहस्थ व्हरांड्यात उभे होते. मला वाटलं, काहीतरी म्हणतील.

"हे तुम्हाला कुणी बोलायला सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही."

"मग आजच का? शुक्रवारी का नाही?"

 त्यांनी मग खिशातून वही काढून त्यात काहीतरी लिहिलं आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी मुख्य मशीनचा पासवर्ड बदललेला होता, पाकिटावरची लाख काळपट होती आणि माझं मशीनवरचं खातं बंद होतं. त्यांचा करार आणखी एका वर्षाने वाढला. माझी तारीख गेली. प्रबंध मी दिला नाही.

त्यानंतर अडीच आठवड्यांनी, एका रविवारी सकाळी, ते केशवापूरला आमच्या घरी आले. पत्ता त्यांना कुणी दिला ते मी विचारलं नाही. हातात दोरीने बांधलेला कागदांचा गठ्ठा होता. उंबऱ्याशी थांबून त्यांनी आमच्या दाराचं कुलूप नीट बघितलं, मग आत आले.

"नवी सीडी आली," बसता बसता म्हणाले. "बाराही जुळले. आठ दिवस ठेवलं. मग सतराही मशिनांवर बसवलं आणि तुमचं काम चालवलं. दोनदा. उत्तर एकच आलं."

 आमच्या ह्यांनी चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला. "आता ह्याचा काय उपयोग? तिची तारीख केव्हाच गेली."

"तारीख माझ्याकडे नव्हती," ते म्हणाले. "आकडे होते."

चहा पिऊन ते उठले. दारापर्यंत गेले आणि वळले. "मी चालवलंय म्हणून बरोबर असेल असं धरू नका, अक्का. तपासा."

त्यांची-माझी एवढ्या वेळाची गाठ त्यानंतर पडली नाही. करार संपल्यावर ते कुठे गेले, ते कुणी नीट सांगत नाही.

ते गेल्यावर हे म्हणाले, "हा माणूस आपल्या कुलपाकडे का बघत होता?" मी दोरी सोडली आणि पहिल्या पानापासून तपासायला बसले. तक्त्यांच्या आधी त्यांनी माझे मूळ आकडेही छापले होते, मी टाइप केलेले, रोजचे. एकोणिसाव्या पानावर एका मापकाच्या जुलैमधल्या एका दिवशी एकशे बारा मिलिमीटर पाऊस होता. त्यांनी तो आकडा बदलला नव्हता. शेजारी पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्ह केलं होतं, बोटाने पुसलं जाईल इतकं पुसट.

मी उठून कपाटातून मूळ नोंदवही काढली. त्या दिवसाचा पाऊस अकरा पूर्णांक दोन होता. मधलं टिंब माझ्या हातून राहिलं होतं, आणि प्रबंधातलं प्रत्येक तक्ता त्या आकड्यावरून गेलेला होता. तो आकडा मी चार वर्षांपूर्वी ह्याच घरात, ह्याच टेबलावर टाइप केला होता. तेव्हा ते पॅकेज नव्हतं, इंजिनियर नव्हता, विभागप्रमुख नव्हते. खोलीत माझ्याशिवाय कुणीच नव्हतं.